फुरसत, दुर्बीण आणि समाजवाद



विज्ञान हे मूठभर तज्ज्ञांचे काम आहे आणि सामान्य माणसाने त्याची फळे तेवढी चाखावीत, हा समज पुरोगामी चळवळीतही खोलवर रुजलेला आहे. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या संशोधनाचा अलीकडचा इतिहास या समजाला छेद देतो.

१९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांना महाश्व तारकासमूहातील एका सूर्यसदृश ताऱ्याभोवती ग्रह आढळला. त्याबद्दल २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९९९ मध्ये त्याच तारकासमूहातील एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या बिंबासमोरून त्याचा ग्रह सरकताना प्रथमच टिपला गेला. ग्रह दिसला नाही. ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने मंदावलेला दिसला. यालाच अधिक्रमण म्हणतात. ते टिपणाऱ्या एका गटाची दुर्बीण अवघी १० सेंटिमीटर व्यासाची होती!

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००० मध्ये, फिनलंडमधील न्यूरोला येथील हौशी निरीक्षकांनी याच ग्रहाचे अधिक्रमण नोंदवले. ती वेधशाळा कोणा विद्यापीठाची नव्हती. युवास्कुला शहरातील हौशी खगोलप्रेमींच्या संघटनेने ती उभारली होती. २००६ मध्ये एक्सओ-१बी हा ग्रह जाहीर झाला. हवाई बेटांवरील त्या प्रकल्पाची दुर्बीण बाजारात मिळणाऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगांपासून बनवलेली होती. तिने हेरलेले संशयित तारे अमेरिकेतील व युरोपातील हौशी निरीक्षकांनी आपापल्या दुर्बिणींतून तपासले आणि शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांचीही नावे आली. ग्रहाचे वस्तुमान ठरवण्यास मात्र मोठी दुर्बीणच लागली. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. दोघांनी मिळून काम तडीस नेले.

आज हजारो बाह्यग्रह ज्ञात असताना हौशी माणसाची गरज संपली काय? उलट, ती वाढली आहे. साडेतीन दिवसांत प्रदक्षिणा पुरी करणाऱ्या ग्रहाच्या कालावधीत केवळ ५ सेकंदांची चूक राहिली, तर फेरीगणिक ती साचत जाते आणि १० वर्षांत अधिक्रमणाचे भाकीत जवळजवळ दीड तासाने चुकते. अवकाशातील महागड्या दुर्बिणीचा वेळ अशाने वाया जातो. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेच्या नियोजित ‘एरियल’ मोहिमेसाठी ‘एक्सोक्लॉक’ या उपक्रमात व्यावसायिक आणि हौशी निरीक्षक एकत्र येऊन ही वेळापत्रके दुरुस्त करीत असतात. मोठी वेधशाळा एकाच ताऱ्याकडे रात्रीमागून रात्री पाहत बसू शकत नाही. अनेक देशांत विखुरलेली माणसे ते करू शकतात.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. हौशी माणसाचे श्रम विनामूल्य मिळतात, म्हणून सरकारांनी सार्वजनिक वेधशाळांच्या अनुदानाला कात्री लावावी, हा युक्तिवाद उद्या कोणी केल्यास त्याला ठाम विरोध केला पाहिजे. स्वेच्छेने दिलेले श्रम हे समाजाला दिलेले दान आहे. ती राज्यकर्त्यांची बचत होता कामा नये.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. रात्रभर दुर्बिणीशी बसण्यासाठी साधन हवे, तशीच फुरसतही हवी. बारा तास राबून परतलेल्या कंत्राटी कामगाराला आकाशाचे कुतूहल नसते असे नाही. त्याला जागरण परवडत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी केली आणि १८९० मध्ये ती पदरात पाडून घेतली. ती मागणी केवळ थकल्या शरीराच्या विश्रांतीसाठी होती असे मानणे हा तिचा संकोच होय. माणसाला स्वतःच्या मनाप्रमाणे जगता यावे, शिकता यावे, हाही तिचा आशय आहे.

साधनाचे उत्तर फिनलंडच्या त्या संघटनेने दिले आहे. एकट्याला न परवडणारी दुर्बीण अनेकांनी मिळून घेता येते. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी खगोलप्रेमींना एकत्र आणीत आली आहे. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकांशेजारी एक दुर्बीण का असू नये? फुरसतीचे उत्तर मात्र कोणतीही खगोलसंस्था देऊ शकणार नाही. आठ तासांचा दिवस कंत्राटी कामगारालाही मिळवून देणे हे कामगार चळवळीचेच काम आहे, आणि ते अद्याप अपुरे आहे.