सिझर झालंय? पाळी चुकताच सोनोग्राफी

परळचं के.ई.एम. आणि वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ सालची. गावाकडची बाई अडली की तिला परळला न्यायचं, ही आपली जुनी रीत. पण आज ज्या दुखण्याबद्दल मी बोलणार आहे, त्यात परळ गाठण्याआधी ते ओळखता यायला हवं.

सिझरच्या वेळी गर्भपिशवीला खालच्या बाजूला छेद देतात. टाके भरतात, व्रण मात्र राहतो. क्वचित, साधारण दोन हजार गरोदर बायांत एखादीचा, पुढचा गर्भ त्या व्रणातच रुजतो. तिथला पडदा पातळ असतो. गर्भ वाढला की तो फाटू शकतो, रक्त थांबत नाही, पिशवी काढावी लागते. प्रसंगी जीवही जातो.

अंगावरून थोडं लाल जातं, ओटीपोटात दुखतं. कित्येकींना काहीच होत नाही. आशाताईंच्या किटवर दोन रेघा आल्या, तर गर्भ आहे एवढंच कळतं. तो कुठे आहे, हे सोनोग्राफीच सांगते.

ही सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यात, आतून करतात. लाजू नका. पिशवीची पोकळी आणि तोंड रिकामं आहे का, गर्भ पुढच्या बाजूला व्रणात आहे का, त्याच्या आणि लघवीच्या पिशवीच्या मध्ये किती पातळ थर उरलाय, हे डॉक्टर बघतात. उशीर केला तर गर्भ वर पोकळीकडे सरकत वाढतो आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसू शकतं.

कधी गर्भ पडतोय असं समजून पिशवी साफ करायला घेतात, आणि तिथेच धोका होतो. म्हणून सिझर झालेलीनं सोनोग्राफीशिवाय पिशवी साफ करू नये, दुकानातून गोळ्याही आणू नयेत.

घरात सासूबाईंना सांगा, ही तपासणी मुलगा-मुलगी बघायची नाही. ते बघणं गुन्हा आहे, आणि इतक्या लवकर ते दिसतही नाही. दर महिन्याच्या ९ तारखेच्या सरकारी तपासणीचीही वाट बघू नका. ती चौथ्या महिन्यापासूनच्या बायांसाठी असते.

जाताना सिझरचं जुनं कार्ड घ्या आणि स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, माझं सिझर झालंय. गर्भ व्रणात तर नाही ना, बघा." जास्त रक्त गेलं, चक्कर आली तर लगेच १०८ ला फोन करा.

येत्या बैठकीत एवढं करा. गटातल्या कुणाकुणाचं सिझर झालंय ते विचारा, आणि सोनोग्राफीसाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी मिळेल असा ठराव लिहून ठेवा.