चाळीस फुटांचे वाचन



आपल्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई गावात, निजामी अमदानीत सरकारी दफ्तरांतून ज्याचा उल्लेख मोमिनाबाद असा होत असे त्या गावात, दासोपंतांच्या देवघरी एक वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या जतन होत आले आहे. ते सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. थंडीच्या दिवसांत अंगावर घ्यावयाची जाड सुती पासोडी असते, त्या जातीच्या कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ नावाचे आपले प्रकरण शेकडो ओव्यांत लिहिले, आणि त्या ओव्यांच्या जोडीला आकृत्या व कोष्टके काढून एकाच पटावर ग्रंथ आणि चित्र यांचा संसार मांडला. सोळाव्या-सतराव्या शतकातील ही कृती मराठी वाङ्मयात ‘दासोपंतांची पासोडी’ या नावाने प्रसिद्ध आहे. ग्रंथ कसा वाचावा, चित्र कसे पाहावे आणि गाणे कसे ऐकावे, या तीन गोष्टी मी आज आपल्याशी बोलणार आहे. त्या तिन्हींसाठी मला या पासोडीइतका चांगला शिक्षक दुसरा आढळत नाही.

चाळीस फुटांचे वस्त्र एका दृष्टिक्षेपात मावत नाही. त्याची एकेक घडी उलगडावी लागते, वाचणाऱ्याला पावलापावलाने पुढे सरकावे लागते, आणि पुढचा भाग डोळ्यांसमोर येईपर्यंत मागच्या भागाचा अर्थ मनात धरून ठेवावा लागतो. प्रत्येक खऱ्या कलाकृतीला तिच्या कर्त्याने नेमून दिलेली एक गती असते, आणि त्या गतीला रसिकाने संमती दिल्यावाचून ती कृती त्याच्याशी बोलत नाही, असे माझे मत आहे. बहुतेक ग्रंथांत ही गती अदृश्य असते, म्हणून ती मोडण्याचा मोह आपल्याला आवरत नाही. पासोडीत मात्र ती हाताने मोजता येईल इतकी प्रत्यक्ष झाली आहे.

अशी कृती कोणाच्या हातून घडली, हेही ऐकण्यासारखे आहे. दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा, नारायणपेठ येथील देशपांड्यांच्या घरातला. त्यांचे वडील दिगंबरपंत बीदरच्या बादशाहीचे वतनदार होते. चरित्रकार असे सांगतात, की सरकारी वसुलाचा भरणा न झाल्यामुळे बादशहाने कोवळ्या वयाच्या दासोपंतांना ओलीस ठेवून घेतले, वडिलांना मुदत घालून दिली, आणि मुदतीत रक्कम न आल्यास मुलाचे धर्मांतर करण्यात येईल असे फर्मावले. ती मुदत कशी टळली याची कथा भाविकांना ठाऊक आहे. प्रत्यक्ष दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या वेषात येऊन रक्कम चुकती केली, असे परंपरा मानते. पुढे दासोपंतांनी घर सोडले, माहूरला दीर्घकाळ अनुष्ठान केले, गोदाकाठच्या राक्षसभुवनला ते राहिले, आणि शेवटी अंबाजोगाईला स्थिरावून १६१५ साली तेथेच समाधिस्थ झाले. दिवस मोजत जगणे म्हणजे काय, हे ज्याने बालवयातच अनुभवले, त्याने उरलेले आयुष्य कोणत्याही मुदतीचा हिशेब न ठेवता लिहिण्यात घालविले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात, आणि त्यांना लेखनासाठी रोज एक ढबू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. रोज शंभर ओव्या वाचावयाच्या म्हटल्या तरी तो ग्रंथ संपण्यास साडेबाराशे दिवस लागतील. ज्याला तो लवकर संपवायचा असेल, त्याने तो हाती न घेणेच बरे.

आता ओवी कशी वाचावी ते पाहू. ग्रंथांतरीच्या ओवीचे साडेतीन चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते, आणि चौथा, तोकडा चरण त्या यमकातून मोकळा असतो. तीनदा एकच ध्वनी कानी पडल्यामुळे चौथ्यांदाही तो येईल अशी अपेक्षा तयार होते. ओवी ती अपेक्षा पुरी न करता अर्ध्या वाटेवर थांबते, आणि जी जागा रिकामी राहते तेथे वाचकाने विचार करावा, अशी तिची रचनाच आहे. आपण मनातल्या मनात डोळे फिरवीत वाचतो तेव्हा ही रिकामी जागा आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की ओवी मोठ्याने वाचावी, चौथ्या चरणानंतर एक श्वास थांबावे, आणि मगच पुढच्या ओवीला हात घालावा. दहा ओव्या अशा वाचून पाहा. शंभर ओव्यांच्या घाईत जे सुटून जात होते, ते या दहा ओव्यांत सापडू लागेल.

पासोडीतील आकृत्यांकडे वळू. पंचीकरण हा वेदान्तातील एक सिद्धान्त आहे. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी या पाच सूक्ष्म भूतांपैकी प्रत्येकाचे दोन अर्धे करावयाचे, एक अर्धा तसाच राखून ठेवावयाचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार समान भाग करून ते इतर चार भूतांना वाटून द्यावयाचे, आणि अशा मिश्रणातून स्थूल भूते तयार होतात असे समजावयाचे, हे त्याचे स्वरूप. म्हणजे आपण जिला पृथ्वी म्हणतो तिच्यात निम्मी पृथ्वी, आणि उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश. हे मी दोन वाक्यांत सांगितले, आपण ते ऐकले, आणि कदाचित विसरूनही गेलात. तेच एका कागदावर पाच उभी आणि पाच आडवी घरे आखून प्रत्येक घरात कोणाचा किती वाटा हे स्वतःच्या हाताने लिहा. पंचविसावे घर भरेपर्यंत कोणतीही वस्तू निर्भेळ नाही, प्रत्येकीत इतर सर्वांचा अंश आहे, हा विचार आपोआप मनात उतरलेला असेल. दासोपंतांसारख्या प्रतिभावंत कवीने शब्दांवर प्रभुत्व असतानाही कोष्टकाचा आश्रय का केला, याचे उत्तर मला येथेच दिसते. हाताला जितका वेळ लागतो तितकाच वेळ बुद्धीलाही लागतो, हे त्या थोर लेखकाने ओळखले होते. म्हणून कोणत्याही चित्रापुढे, मग ते अजिंठ्याच्या लेण्यांतील असो की गावच्या देवळातील, निदान एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. चित्र नीट काढता आले नाही तरी बिघडत नाही. हात रेघ ओढू लागला की डोळा पाहू लागतो. मोबाइलने टिपून घेतलेल्या प्रतिमेने ती सोय होत नाही, कारण तेथे पाहण्याचे काम यंत्राकडे सोपवून आपण मोकळे झालेलो असतो.

संगीताचा धागाही दासोपंतांपासूनच धरता येतो, कारण त्यांची पदे राग-तालांच्या निर्देशांसह लिहिलेली आहेत. ती वाचण्याइतकीच गाण्यासाठी आहेत. शास्त्रीय गायनातील विलंबित ख्याल ऐकताना नवखा श्रोता कंटाळतो, कारण काही घडत नाही असे त्याला वाटते. चौदा मात्रांच्या झुमरा तालात उस्ताद अमीर खाँसाहेब एकेका स्वराभोवती रेंगाळतात, तेव्हा तो रागाचा एकेक स्वर आपल्या परिचयाचा करून देण्याचा समारंभ असतो. श्रोत्याने तबल्याच्या ठेक्यावर कान ठेवून केवळ सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कोठे येते तेवढे धरावे. काही आवर्तनांनंतर ती येण्यापूर्वीच मन तिच्याकडे ओढ घेऊ लागते, आणि त्या ओढीतच लयीचा आनंद आहे. मात्र सावकाशपणा म्हणजे लांबी असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. जुन्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तेवढ्याच वेळात संपते. पण ती तबकडी ज्यांच्या घरी होती त्यांनी ती पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे लावली, आणि तीन मिनिटांत साठलेले गाणे त्यांना हळूहळू उलगडत गेले. परत परत येणे हाही सावकाश ऐकण्याचाच प्रकार आहे.

हे सर्व निवांत माणसांसाठी ठीक आहे, असे कोणी म्हणेल. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या नि ट्रक भरून साखर कारखान्यांकडे जातात, तेथे रसास्वादाच्या गोष्टी सांगाव्यात काय? हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो. त्याचे उत्तर माझ्या विद्वत्तेत नसून याच मुलुखाच्या गावागावांत आहे. श्रावण लागला की देवळात पोथी लावतात. एक जण ओवी वाचतो, दुसरा जाणता माणूस तिचा अर्थ सांगतो, आणि दिवसभर रानात राबलेली माणसे कंदिलाच्या किंवा विजेच्या उजेडात बसून एखादाच अध्याय ऐकतात. त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, पण ग्रंथाची ओळख होती. सप्ताहातील ज्ञानेश्वरी-पारायणाविषयी मला आदर आहे. तथापि नऊ हजार ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज सुमारे तेराशे ओव्या, आणि एवढ्या वेगात भक्ती साधत असली तरी अर्थ मागे राहतो, असे मी स्पष्टच म्हणेन. रसग्रहणाला श्रावणातली पोथीच हवी. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो अक्षरन्‌अक्षर तपासून. त्यांच्या समकालीन दासोपंतांची अंबाजोगाई आणि नाथांचे पैठण या दोन्ही ठिकाणी वाचनाची हीच रीत होती, आणि ती आपली मिरास आहे.

तेव्हा श्रोतेहो, ज्या गावांत श्रावणातली पोथी बंद पडली असेल त्यांनी ती यंदा पुन्हा लावावी, वाचणाऱ्याशेजारी अर्थ सांगणारा बसवावा, आणि शाळेतल्या मुलांना ऐकायला आणावे. योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईस जाल तेव्हा दासोपंतांच्या देवघरी अवश्य जा, तेथील मंडळींच्या अनुमतीने आणि त्यांच्या सोयीने पासोडीचे दर्शन घडले तर घ्या, आणि सारे वस्त्र पाहण्याचा आग्रह न धरता एकच आकृती मन भरेपर्यंत पाहा.