कर्जमाफी : फेडणारा, थकलेला आणि तिसरा

(बंगळूर येथे मराठीभाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शैक्षणिक कर्ज माफ करावे काय, या प्रश्नावर गेल्या महिन्यात आपल्याच तीन साथींची जुंपली. मी तिथे होतो. पहिला टपाल खात्यातला. तो म्हणाला, "मुलीच्या इंजिनिअरिंगचं कर्ज मी जी.पी.एफ. काढून फेडलं. आता दुसऱ्यांचं माफ होणार असेल, तर मी मूर्ख ठरलो की काय?" दुसरा स्टेशनवरचा. "माझा मुलगा डिग्री घेऊन दहा हजारांवर राबतोय. कर्जाच्या कागदावर माझीही सही आहे. नोटीस घरी येते. फेडू कशातून?" तिसरा लाईनवरचा गँगमन. तो सावकाश बोलला, "माझा पोरगा बारावीनंतर कामाला लागला. तुमच्या या हिशेबात मी कुठे बसतो?"

साथींनो, तिघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न घोषणेने सुटणार नाही. त्याचा हिशेब मांडावा लागेल.

प्रथम हे कर्ज आले कोठून ते पाहू. त्यासाठी लांब जायला नको. कर्नाटक सरकारच्या १९८९ च्या अधिसूचनेने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेची वार्षिक फी २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांची २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यांची ६०,००० रुपयांपर्यंत ठरवली होती. इथून जवळच, तुमकूरच्या एका महाविद्यालयात प्रवेश मागणारी मेरठची मोहिनी जैन सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९२ मध्ये न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. पण पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात त्या निकालाला मुरड पडली, आणि २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात खासगी संस्थांना फी ठरवण्याची बरीच मोकळीक मिळाली. याच सुमारास, २००१ मध्ये, बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. एकीकडे फी मोकळी झाली, दुसरीकडे कर्जाची खिडकी उघडली. जो खर्च समाजाने उचलायचा, तो कामगाराच्या सहीवर आला.

आता सवलतींचे पाहू. २००९-१० पासून केंद्राने साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी, शिक्षणाच्या काळातील व त्यानंतरच्या वर्षभराचे व्याज भरण्याची योजना आणली. चांगली गोष्ट. पण ज्यांनी ३१ मार्च २००९ पूर्वी कर्ज घेतले, ते बाहेर राहिले. ही तक्रार रास्त होती. म्हणून २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी त्या जुन्या कर्जदारांचे ३१ डिसेंबर २०१३ रोजी थकलेले व्याज सरकारने उचलण्याची घोषणा केली. सुमारे ९ लाख विद्यार्थी, २,६०० कोटी रुपये. एक अन्याय दूर करायला निघाले, आणि तिथेच दुसरा उभा राहिला. सवलत थकलेल्या व्याजाला होती. ज्याने पोटाला चिमटा घेऊन तेच व्याज वेळेवर भरले, त्याच्या हाती काय? काही नाही. आपल्या पहिल्या साथीचा राग इथून येतो.

मग थकलेल्याला मदतच करू नये काय? असे म्हणणे म्हणजे मी पुरात पोहून निघालो, म्हणून दुसऱ्याला दोर टाकू नका, असे म्हणण्यासारखे आहे. फेडणाऱ्याची दखल घेता येते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी ती घ्यायला लावली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली, आणि नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम २०२२ मध्ये मिळू लागली. उशीर झाला, पण तत्त्व मान्य झाले.

राहिला तिसरा साथी. त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड. साबणाच्या वडीवर तोही कर भरतो. त्याच्या करातून लठ्ठ पगाराच्या इंजिनिअरचे कर्ज माफ झाले, तर तो अन्यायच. म्हणून सरसकट माफीची मागणी मला मान्य नाही. अमेरिकेत अध्यक्ष बायडन यांनी २०२२ मध्ये दहा ते वीस हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली, तेव्हा त्यांनाही उत्पन्नाची मर्यादा घालावी लागली. तरी वाद पेटला, आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने योजना रद्द केली.

पण पैसे नाहीत, हे उत्तर आपण ऐकून घेऊ नये. सरकारनेच लोकसभेत सांगितले आहे, की २०१४-१५ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत बँकांनी साडेचौदा लाख कोटींहून अधिक कर्जे निर्लेखित केली. त्यातली निम्मी मोठ्या उद्योगांची व सेवा क्षेत्राची. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे सांगतात. नियमाने ते बरोबर आहे. मग तोच धीर आपल्या दुसऱ्या साथीच्या दारात का दाखवत नाहीत?

तेव्हा मागण्या तीन. एक, हप्ता कमाईशी बांधा. कमाई नसेल तेव्हा वसुली थांबवा, आणि ठराविक वर्षांनी उरलेले माफ करा. दोन, कमी उत्पन्नाच्या ज्या कुटुंबांनी प्रामाणिकपणे फेडले, त्यांना व्याजाचा काही भाग परत द्या. तीन, आणि हीच मुख्य, सरकारी महाविद्यालये, आय.टी.आय. आणि वसतिगृहे वाढवा, म्हणजे गँगमनच्या मुलाला कर्जाशिवाय शिकता येईल. ही तिसरी मागणी सोडून पहिल्या दोन घेऊन गेलो, तर तिसरा साथी मोर्चात येणार नाही, आणि त्याने का यावे?

त्या दिवशी तिघेही आपापल्या ड्युटीवर रागाने गेले. साथींनो, ते एकमेकांवर रागावले होते. फी वाढवणाऱ्यावर त्यांपैकी एकही रागावला नव्हता. तो राग योग्य पत्त्यावर पोहोचवणे, हे टपाल आणि रेल्वेच्या माणसांना मी काय सांगावे!

कामगार एकजुटीचा विजय असो.