प्रोटॉन कुठे थांबला?

रात्री पाटाचे पाणी सोडले की शेतकरी बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्याने जातो. पाणी शेवटच्या बांधीत पोचले, की शेजाऱ्याच्या धानात शिरले, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तलावांच्या भंडारा जिल्ह्यात हे का सांगायला हवे?

कर्करोगावरील प्रोटॉन उपचारातही प्रश्न हाच आहे. खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक संस्थेत हा उपचार २०२३ साली सुरू झाला. क्ष-किरण गाठ ओलांडून पुढेही जातात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबण्याच्या जागीच सर्वांत जास्त मारा करतो. गाठीवर घाव बसतो, पलीकडचा मज्जारज्जू वाचतो.

पण शरीराच्या आत पाहणार कसे? रोगी वाळला किंवा आतड्यात वायू भरला, की प्रोटॉन पुढे जातो. म्हणून डॉक्टर गाठीभोवती थोडी जास्तीची जागा धरतात. २० सेंटिमीटर खोलीला साधारण ७ मिलिमीटर. तेवढा निरोगी भागही माऱ्यात येतो.

यावर एक तोड आहे. प्रोटॉन अणुकेंद्रांवर आदळताच गॅमा किरण बाहेर पडतात. ते टिपले, की प्रोटॉन कुठवर गेला ते त्याच वेळी कळते. जर्मनीत ड्रेस्डेन येथे २०१५ साली हे रुग्णावर करून पाहिले गेले. पण ही पद्धत अजून सर्रास झालेली नाही.

तोवर रोग्याने एवढे करावे : उपचार चालू असता वजन उतरले, कपडे ढिले झाले, तर संकोच न करता लगेच सांगावे. डॉक्टर पुन्हा स्कॅन काढून मोजमाप सुधारतात. इथे एकेक मिलिमीटर मोलाचा आहे.