फायलीतले माहेर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपली जन्मवेळ आई सांगते, नाव कोणी ठेवले ते आत्या सांगते. पण तान्हेपणीच दत्तक म्हणून परदेशी गेलेल्या मुलाला हे कोण सांगणार? त्याचे सारे माहेर एका फायलीत असते. त्या फायलीविषयी आज चार शब्द बोलते.

आयर्लंडातून १९४० ते १९७० च्या दशकांत दोन हजारांवर मुले अमेरिकेत दत्तक गेली. बहुतेक अविवाहित मातांची. मोठेपणी ती चौकशी करू लागली, तर कागद पाहण्याचा हक्कच नव्हता. १९९६ मध्ये सरकारी अभिलेखागारात, परराष्ट्र खात्याच्या दप्तरांत, या मुलांच्या फायली आढळल्या. पासपोर्टासाठी केलेले कागद ते! कोणी रद्दी म्हणून जाळले असते, तर किती जणांचा माग कायमचा पुसला असता! तरीही हक्काचा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. आता सोळा वर्षांपुढील दत्तक व्यक्तीला तेथे आपला जन्मदाखला मिळतो.

आपण म्हणाल, त्या माऊलीच्या अब्रूचे काय? प्रश्न रास्त आहे. आयर्लंडात आईने भेट नको म्हटले, तर तिची इच्छा मुलाला आधी समजावून सांगतात. मग माहिती देतात. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनुसार अठरा वर्षांनंतर मुलाला स्वतः अर्ज करता येतो, तिऱ्हाइताला मात्र ही चौकशी करता येत नाही. आईने मूल सोपविताना नाव गुप्त ठेवावयास सांगितले असेल, तर तिची संमती लागते. ती नाही म्हणाली वा सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपविले, एवढे तरी मुलाला सांगावे लागते.

माझे मत विचाराल, तर नाव एक वेळ थांबेल, पण घराण्यातील आजार लपवू नयेत. डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला मधुमेह आहे का?" यावर आयुष्यभर "ठाऊक नाही" म्हणावे लागणे ही लहान शिक्षा नव्हे. १९९३ च्या हेग कराराचे तिसावे कलम मुलाच्या मूळची माहिती, आईबापांची ओळख व आरोग्याची हकीकत जपून ठेवावयास सांगते. आपल्या देशाने २००३ मध्ये तो करार मान्य केला आहे.

पण कागदच नसेल, तर कायदा काय दाखविणार? म्हणून बालकाश्रमात फराळ, कपडे घेऊन जाल तेव्हा दप्तराचीही विचारपूस करा. कपाटाला वाळवी नाही ना? नोंदीची दुसरी प्रत आहे ना? संस्था बंद पडली, तर फायली कोणाच्या हाती जातील? आणि मूल येते त्या दिवशी जे खरे असेल तेच लिहिले जाते ना? आई हयात असता "अनाथ" लिहिणे म्हणजे मुलाची वाट बुजविणे होय.

फायलीतील मजकूर वाचण्याचा अधिकार आपला नाही. ती ज्याची आहे तो येईपर्यंत ती नीट राहावी, एवढे मात्र आपण पाहू शकतो. तेवढे पाहू या, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.