मार्गारिटा घरच्या घरी: खरी कमाल लिंबाची

आज मार्गारिटा. टकिला, लिंबू, गोडवा आणि मीठ. बस्स, एवढंच.

यात जीव आहे तो लिंबात. मेक्सिकोत वापरतात ते छोटं, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्यामुळे बाटलीतल्या तयार मिक्सवर पैसे घालवू नका. लिंबं आयत्या वेळी पिळा आणि रस गाळून घ्या.

क्लासिक मार्गारिटात संत्र्याचं लिकर असतं. ते महाग पडतं? मग सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘टॉमीज’ची पद्धत घ्या. तिथे हुलिओ बर्मेहो यांनी लिकर वगळून अगावेचं सिरप घातलं. आपल्याला साखरेचा साधा पाक चालतो.

एका ग्लासचं प्रमाण: टकिला 60 मिली, लिंबाचा रस 30, पाक 15. घट्ट झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फ घालून 15 सेकंद जोरात हलवा. मीठ ग्लासच्या अर्ध्याच कडेला लावा. नको असेल तेव्हा दुसऱ्या बाजूने प्यायचं!

आता नीट ऐका. चव सरबताची, पण ग्लासात 30 मिलीचे दोन पेग आहेत. लिकरचे 30 मिली घातले तर तीन! म्हणून अंदाजाने ओतू नका, मोजा. सोबत पाणी आणि खाणं ठेवा. प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही. महाराष्ट्रात टकिलासाठी वय 25 पूर्ण हवं, शिवाय परवानाही.

न पिणाऱ्या दोस्तासाठी? तोच रस, तोच पाक, वरून थंड सोडा. मीठ त्यालाही लावा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!