आवाज कोणाचा, कात्री कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी बहुतेकजणी बायांचं म्हणणं ध्वनिमुद्रित करतात. पूर्वी टेपवर करायचो, आता मोबाइलवर. पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे तेव्हाही आपणच ठरवत होतो, आजही आपणच ठरवतो. म्हणून आज मी एका रेडिओ निर्मात्याच्या कामाबद्दल बोलणार आहे. ते अमेरिकेतले आहेत, पण त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न आपलाही आहे.

त्यांचं नाव जाद अबुमराद. कुटुंब मूळचं लेबनॉनचं. आई वैज्ञानिक, वडील शल्यविशारद आणि स्वतः जाद संगीतरचना शिकलेले. २००२ साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक रेडिओ केंद्रावर त्यांनी ‘रेडिओलॅब’ हा कार्यक्रम सुरू केला. पुढे रॉबर्ट क्रुलविच हे ज्येष्ठ पत्रकार त्यांचे सहनिवेदक झाले. विज्ञान सांगायचं, पण व्याख्यान द्यायचं नाही. दोघांनी गप्पा मारायच्या, शंका काढायच्या, शास्त्रज्ञाला मध्येच थांबवायचं आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते आवाजातून उभं करायचं, अशी त्यांची रीत होती. २०२२ मध्ये जाद त्या कार्यक्रमातून बाहेर पडले.

आवाजाची ताकद किती, याचं एक उदाहरण देते. २०१२ मध्ये त्यांनी रंगांवर एक भाग केला. कुत्र्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या, माणसाच्या तीन प्रकारच्या. मँटिस श्रिम्प नावाचा कोळंबीसारखा एक समुद्री जीव आहे, त्याच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे सोळापर्यंत प्रकार असतात. हे आकडे ऐकून कोण लक्षात ठेवणार? म्हणून त्यांनी गाणाऱ्यांचा एक समूहच आणला. कुत्र्यासाठी थोडे आवाज, माणसासाठी जास्त, आणि त्या जिवाची पाळी आली की सगळा समूह एकदम गाऊ लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढं रंगीत जग असेल त्याचं! पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की जवळजवळच्या रंगछटांमधला फरक ओळखण्यात हा जीव आपल्यापेक्षा कच्चा आहे. म्हणजे आवाज पुराव्याच्या पुढे धावू शकतो. ऐकताना आपण भारावलो, याचा अर्थ सगळं सिद्ध झालं असा होत नाही.

याच कार्यक्रमात २०१० साली हेन्रिएटा लॅक्स यांची गोष्ट आली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी गेली. पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. पोलिओच्या लशीसाठीही वापरल्या गेल्या. घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं लागली. लेखिका रेबेका स्क्लूट यांनी हेन्रिएटाच्या मुलीचं, डेबोराचं बोलणं टेप केलं होतं. त्यामुळे पेशींच्या गोष्टीत लेकीचा आवाज आला. विज्ञानाचं महत्त्व त्यामुळे उणावलं नाही. त्याची किंमत कोणी मोजली तेवढं कळलं.

आणि आता २०१२ सालची दुसरी गोष्ट. ती मला सर्वात महत्त्वाची वाटते.

लाओसच्या डोंगरातल्या ह्मोंग लोकांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या बाजूने लढाई केली. १९७५ नंतर त्यांच्यावर सूड उगवला गेला. आकाशातून पिवळा पाऊस पडला आणि माणसं मेली, असं पळून आलेले लोक सांगत. १९८१ मध्ये अमेरिकी सरकारने हे सोव्हिएत रशियाने पुरवलेलं विष असल्याचा आरोप केला. पुढे हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि इतर शास्त्रज्ञांनी दाखवलं की पानांवरच्या पिवळ्या ठिपक्यांत परागकण आहेत आणि ती मधमाश्यांची विष्ठा आहे.

‘रेडिओलॅब’ने एंग यांग या वृद्ध ह्मोंग गृहस्थांची मुलाखत घेतली. दुभाषी होती त्यांची पुतणी काओ कालिया यांग, स्वतः लेखिका. क्रुलविच पुराव्यावरून पुन्हा पुन्हा टोकत राहिले. शेवटी कालियाला रडू कोसळलं आणि मुलाखत तिथेच थांबली. तिचं रडणं प्रसारित झालं. त्यानंतर निवेदकांची आपसांतली चर्चाही झाली, पण त्या चर्चेत ती नव्हती. कालियाने नंतर लिहिलं की मधमाश्यांबद्दलचं काकांचं ज्ञान कापलं गेलं, आणि प्राध्यापकांना त्यांच्या पदव्यांनिशी ओळख मिळाली असताना ती मात्र फक्त ‘पुतणी’ राहिली. श्रोत्यांकडून टीका झाली. क्रुलविच यांनी आपल्या कठोर सुराबद्दल माफी मागितली आणि ध्वनिफितीतही बदल केले गेले.

ठिपक्यांबद्दल शास्त्रज्ञांचं म्हणणं मला पटतं. परंतु ठिपके कशाचे, हा एक प्रश्न आहे आणि माणसं कशाने मेली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हाती घेऊन दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणं, हे विज्ञान नव्हे.

आपल्याकडे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. अशा प्रश्नावर काम करताना आपल्या हातात दोन गोष्टी असतात, दवाखान्याचा कागद आणि बाईचं सांगणं. कागद तपासायलाच हवा. बाई म्हणते म्हणून प्रत्येक गोष्ट खरी, असा हट्ट आपणही धरू नये. पण तिला फक्त रडण्यापुरतं ठेवायचं आणि कारणं सांगायला डॉक्टरला बोलवायचं, हे थांबवता येईल. ती काय सोसते एवढंच विचारू नका. तिने काय पाहिलं, कधी पाहिलं, कशावरून तसं वाटतं, हेही विचारा. तिचं नाव द्यायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. पण तिचं काम, तिचा अनुभव सांगा. कापलेली फीत बाहेर जाण्याआधी तिला ऐकवा. ती नको म्हणाली तर थांबा.

कात्री आपल्या हातात आहे, तोवर एवढं तरी आपण करू शकतो. आता गटांत बसू या. प्रत्येक गटाने स्वतःचं एक ध्वनिमुद्रण ऐकावं आणि त्यातून काय कापलं होतं, ते आधी सांगावं.